अंदमानची आयत्या वेळी ठरलेली सहल: भिलाईच्या पर्यटकांसाठी माहिती

छत्तीसगढमधील भिलाई शहराच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रापासून सर्वात जवळचा समुद्रकिनाराही चारशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारानुसार उभारण्यात आलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पाच्या आधाराने या परिसरात अभियांत्रिकी उद्योगांचा विस्तार झाला. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्याही मोठी आहे. दिवाळीच्या सुटीला रविवार जोडून आला, की चार सहकारी किंवा दोन-तीन कुटुंबे एकत्र येऊन बेटावर जाण्याचा बेत आठवडाभरात ठरवू शकतात. मात्र असा बेत प्रत्येक बेटाच्या बाबतीत शक्य नसतो, आणि जेथे शक्य असतो तेथे खरी अडचण जाण्याची नव्हे, परतण्याची असते.

लक्षद्वीपचा पर्याय आयत्या वेळी जवळजवळ बादच होतो. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यानंतर या बेटांविषयी देशभर एकाएकी कुतूहल निर्माण झाले. तथापि, 1967 च्या नियमांनुसार बेटांबाहेरील भारतीय नागरिकांनाही तेथे प्रवेशासाठी परवाना घ्यावा लागतो. अगत्ती येथील धावपट्टी आखूड असल्याने तेथे केवळ लहान विमाने उतरू शकतात. निकोबार जिल्ह्यातही पर्यटनासाठी सर्वसाधारणपणे प्रवेश दिला जात नाही. अंदमानातील प्रमुख पर्यटन स्थळांसाठी मात्र भारतीय नागरिकांना पूर्वपरवान्याची आवश्यकता नाही. प्रत्येक प्रवाशाजवळ छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र असावे लागते.

पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम असे करण्यात आले. हॅवलॉक, नील आणि रॉस या बेटांना डिसेंबर 2018 मध्ये अनुक्रमे स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप ही नावे देण्यात आली. जुन्या पुस्तिकांमध्ये आणि बोलण्यात जुनीच नावे आढळतात, त्यामुळे आरक्षण करताना दोन्ही नावे ठाऊक असलेली बरी.

भिलाईहून सामान्यतः रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून निघून कोलकाता किंवा चेन्नई येथे विमान बदलावे लागते. दुसरा मार्ग समुद्राचा आहे. सप्टेंबर 2024 पासून दुर्ग ते विशाखापट्टणम वंदे भारत गाडी सुरू झाली, आणि विशाखापट्टणम येथून अंदमानला प्रवासी जहाज जाते. परंतु या जहाजाच्या फेऱ्या मोजक्याच असतात आणि एका दिशेच्या प्रवासास दोन दिवसांहून अधिक काळ लागतो. आठवडाभराच्या सुटीत जहाजाने जाऊन जहाजाने परतण्याचा विचार सोडून द्यावा, हेच योग्य.

अंदमानात पोहोचल्यानंतर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यासाठी पुन्हा नौकेचाच आधार असतो. श्री विजयपुरम ते स्वराज द्वीप हे अंतर खाजगी जलद नौका सुमारे दीड तासात, तर सरकारी नौका अडीच तासांच्या आसपास पार करते. दहा-बारा जणांच्या समूहाला ऐन हंगामात एकाच फेरीत जागा मिळणे कठीण असते. अशा वेळी समूहाचे दोन गट करून प्रत्येक गटात एक जबाबदार व्यक्ती ठेवणे सोयीचे ठरते. हवामान बिघडल्यास नौका रद्द होतात, आणि रद्द झालेल्या नौकेसाठी विमान थांबत नाही.

डिसेंबर 2016 मध्ये याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. बंगालच्या उपसागरात निर्माण झालेली हवामान प्रणाली पुढे 'वरदा' चक्रीवादळात रूपांतरित झाली. वादळी वारे आणि मुसळधार पावसामुळे त्या वेळच्या हॅवलॉक आणि नील बेटांवर सुमारे दोन हजार पर्यटक अडकून पडले. समुद्र खवळलेला असल्याने नौदलाच्या जहाजांनाही प्रारंभी किनाऱ्याजवळ येता आले नाही. नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलाच्या मदतीने पर्यटकांची सुटका होण्यास काही दिवस लागले. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अधिक असतो, म्हणजे नेमका दिवाळी आणि नाताळच्या सुट्यांचा हा काळ. यास्तव परतीच्या विमानाच्या किमान एक दिवस आधी श्री विजयपुरम येथे परत येणे आणि एखाद्या दिवसाचा जादा खर्च व औषधे जवळ बाळगणे आवश्यक आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तर देशात सर्वप्रथम याच बेटांवर, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो.

समूहाने प्रवास करणाऱ्यांसाठी आणखी एक धोका गर्दीचा आहे. 26 जानेवारी 2014 रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक नौका उलटून किमान 21 जणांचा मृत्यू झाला. तिला सुमारे 25 प्रवाशांची परवानगी असताना त्याहून कितीतरी अधिक लोक तिच्यावर होते. त्यांतील बहुसंख्य तमिळनाडूतील कांचीपुरमहून एकत्र आलेले पर्यटक होते. सोबत्यांपासून वेगळे व्हायचे नाही, म्हणून भरलेल्या नौकेत आणखी चारजण चढतात. हा मोह टाळलाच पाहिजे. जीवरक्षक जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे बांधलेले असावेत, मांडीवर ठेवलेले जॅकेट निरुपयोगी असते.

तलावात किंवा शिवनाथ नदीत पोहणाऱ्यांना समुद्राच्या ओढीचा अंदाज येत नाही. अंदमानच्या खाऱ्या पाण्यातील मगरींबाबतच्या सूचनाही गांभीर्याने घ्याव्यात. 2010 मध्ये हॅवलॉक येथे मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. श्वसननळकांडे लावून खोल पाण्यात उतरल्यानंतर 18 ते 24 तास विमानप्रवास करू नये, कारण रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जीवावर बेतू शकते. परतीच्या आदल्या संध्याकाळी घाईघाईत हा अनुभव घेणाऱ्यांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. बेटे पूर्वेला असल्याने हिवाळ्यात पाच वाजण्याच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे दिवसाचा कार्यक्रम पहाटेपासूनच आखावा लागतो.

मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात सेल्युलर कारागृहाला अर्थातच अग्रस्थान असते. 1906 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या कारागृहात विनायक दामोदर सावरकर 1911 ते 1921 या काळात बंदिवान होते. फेब्रुवारी 1979 मध्ये ते राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित करण्यात आले. स्वराज द्वीपावरील राधानगर किनाऱ्यासाठी निदान एक पूर्ण दिवस राखून ठेवावा.

बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. या रस्त्यावर वाहने ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे, आदिवासींची छायाचित्रे घेणे किंवा त्यांना खाद्यपदार्थ देणे हा गुन्हा आहे. उत्तर सेंटिनल बेटाच्या परिसरात प्रवेश करण्यास संपूर्ण मनाई आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये ही मनाई मोडून तेथे गेलेला एक अमेरिकन तरुण प्राणास मुकला. किनाऱ्यावर सापडलेले प्रवाळ आणि संरक्षित प्रजातींचे शंख-शिंपले सोबत आणणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दंडनीय असून परतीच्या वेळी विमानतळावर सामानाच्या तपासणीत अशा वस्तू जप्त करण्यात येतात.