सास्तूर, तीन आकडे आणि एक टिंब

मागच्या शनिवारी दुपारी मस्त वरण-भात हाणून आडवा झालो होतो, तेवढ्यात मामेभावाचा फोन. गडी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दादा, कॉलेजात मॅटलॅब लावलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठून सुरू करू?"

आता आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हा प्रश्न म्हणजे आयतं व्यासपीठच. पण दहा मिनिटं बोलल्यावर लक्षात आलं की त्याला भाषा अवघड जात नव्हती. त्याला गणितच बिनकामाचं वाटत होतं. "दोन मॅट्रिक्स दिलेत, गुणाकार करा म्हणतात. कशाला करू?"

मामाचं घर सास्तूरचं. धाराशिव जिल्ह्यातला लोहारा तालुका, किल्लारीपासून जवळच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तिथल्या कुठल्याही घराला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. हा भाऊ नंतरचा, त्यानं फक्त ऐकलंय. त्याला म्हटलं, "भूकंपाचंच गणित करू. बस लॅपटॉपसमोर."

सुरुवात करण्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो मजेशीर आहे.

आकडेमोडीसाठी खास भाषा म्हणजे मूळची फोरट्रान, आयबीएमची, १९५७ सालची. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६४ मध्ये सीडीसी ३६०० नावाचं अवाढव्य मशीन आलं. तेव्हाची पद्धत म्हणजे प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर न्यायचा, गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाला वाटलं, की आपल्या विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत. त्यातून मॅटलॅब जन्मलं. १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली, आणि ते विकत घ्यायची वस्तू झालं.

मग फुकटचे भाऊबंद आले. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेचं सायलॅब २ जानेवारी १९९४ ला खुलं झालं. अमेरिकेत जॉन ईटननं लिहिलेल्या ऑक्टेव्हची पहिली पूर्ण आवृत्ती फेब्रुवारी १९९४ मध्ये आली. (ऑक्टेव्ह हे नाव संगीतातलं नाही बरं का! लेव्हनस्पील नावाच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांचं ते पहिलं नाव.) तारखा बघा. सास्तूर-किल्लारीची माणसं घरं गमावून तात्पुरत्या निवाऱ्यात पहिला हिवाळा काढत होती, त्याच तीन-चार महिन्यांत ही दोन अवजारं जगाला फुकट मिळाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मला ते एकत्र आठवतं खरं.

असो. भावाला ऑक्टेव्ह उतरवून घ्यायला सांगितलं. (पुढच्या ओळी वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय. मशीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि अंक टाकायचे.)

पहिली ओळ:

म = [६.३ ६.२ ७.७]

चौकोनी कंस, मध्ये मोकळी जागा सोडून आकडे. झाली मॅट्रिक्स! एका ओळीची आणि तीन रकान्यांची. पहिला आकडा कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. दुसरा किल्लारीचा. तिसरा भूजचा, २६ जानेवारी २००१.

भूकंपाची तीव्रता एकानं वाढली की ऊर्जा साधारण ३२ पट होते. सूत्र सोपं आहे: तीव्रतेला १.५ नं गुणा, ४.८ मिळवा, आणि दहाचा तेवढा घात घ्या. उत्तर ज्यूलमध्ये. भावानं उत्साहात टाकलं:

ऊ = १० ^ (१.५ * म + ४.८)

आणि लाल एरर! नवशिक्याचा पहिला ठोकर खाण्याचा दगड तो हाच. नुसतं घाताचं चिन्ह दिलं की ऑक्टेव्हला वाटतं, अख्ख्या मॅट्रिक्सचा घात हवाय, आणि ते फक्त चौरस मॅट्रिक्सवर चालतं. आपल्याला एकेका आकड्याचा घात हवा. त्यासाठी चिन्हाआधी एक टिंब:

ऊ = १० .^ (१.५ * म + ४.८)

गंमत म्हणजे एररचा निरोप नीट वाचला तर त्यातच "टिंब दे" असं सांगितलेलं असतं. आपण तो वाचतच नाही, हा भाग वेगळा :-)

मग ऊ / ऊ(२), म्हणजे किल्लारीला एक धरून बाकीचे किती पट. इथे टिंब नको, कारण भागायचं एकाच आकड्यानं आहे. उत्तर आलं:

१.४१२५   १.००००   १७७.८२७९

फोनवर थोडा वेळ शांतता. मग भाऊ म्हणाला, "दादा, काहीतरी चुकलंय. आमची आजी म्हणते आपल्याकडचा भूकंप लई मोठा होता."

चुकलं नव्हतं. कोयनेचा भूकंप ऊर्जेनं किल्लारीच्या सव्वा पटीहून जास्त होता. तोही पहाटेच, ४ वाजून २१ मिनिटांनी. घरं तिथेही भरपूर पडली, तरी माणसं दगावली दोनशेच्या आत. भूजला ऊर्जा पावणेदोनशे पट, आणि मृत्यू सुमारे वीस हजार, म्हणजे साधारण दुप्पट. ऊर्जेच्या आकड्यानं सास्तूरचा हिशोब लागतच नाही. कोयनेच्या डोंगरात वस्ती विरळ आणि पाऊस जास्त, त्यामुळे छपरं उतरती, हलकी. मराठवाड्यात गावं दाट, आणि वर माळवद.

म्हणून दुसरं गणित. मातीच्या थराची जाडी एक फूट, दीड फूट, दोन फूट. खोली दहा बाय दहाची, म्हणजे साधारण ९ चौरस मीटर. दाबलेल्या मातीचं वजन घनमीटरला १६०० किलो धरलं.

ज = [०.३ ०.४५ ०.६]
व = १६०० * ९ * ज

४३२०   ६४८०   ८६४०

सव्वाचार ते साडेआठ टन, झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. एका खोलीवर दोन-चार हत्ती. खाली भिंती जाडजूड, पण मातीत रचलेल्या गोल दगडांच्या. भिंतीच्या आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींत गुंतलेली नाही. जमीन आडवी हलली की आडवा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो, आणि अशी भिंत फुगून फुटते. जिथे लाकडी खणाचे खांब टिकले तिथे काही छतं तोलून राहिली. छपराच्या झोपड्यांमध्ये राहणारे बरेच वाचले.

आता भावाचा आवाज बदलला. "म्हणजे आजोबांनी बांधलेल्या घरानंच मारलं?"

या प्रश्नाला ऑक्टेव्हमध्ये कमांड नाही. त्याला म्हटलं, असं नाही रे. माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवायचं. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, असंच सगळे मानत होते. आणि सरकारी प्रमाणकातला भूकंपाचा नकाशा काय म्हणत होता? हा भाग विभाग एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. कोयनेनंतर कोयनेचा भाग नकाशात वर सरकला, पण इकडचा पट्टा तळालाच राहिला. २००२ च्या आवृत्तीत विभाग एक काढूनच टाकला आणि किल्लारी-सास्तूरचा भाग विभाग तीनमध्ये गेला. नऊ वर्षं उशिरा.

कोयना धरणाच्या आत भूकंपमापक होता, त्यामुळे जमिनीच्या हालचालीची नोंद मिळाली. त्यावरून अमेरिकेत बर्कलीला चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी धरणाला तडे नेमके का गेले ते कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं, १९७३ मध्ये. ती नोंद धरणांचा अभ्यास करणारे अजूनही वापरतात. धरणासाठी एवढं गणित झालं. माळवदासाठी लागणारं गणित सातवीतल्या पोरालाही जमलं असतं: लांबी, रुंदी, जाडी, घनता. कॉम्प्युटर नव्हता म्हणून ते अडलं नाही. कुणाला ते मांडावंसं वाटलं नाही, कारण नकाशा म्हणत होता की गरज नाही.

मला वाटतं, कुठलीही आकडेमोडीची भाषा शिकताना पहिला धडा हाच. मशीन भागाकार अचूक करतं, पण कोणता आकडा आत टाकायचा हे विचारत नाही. आम्ही ऑफिसात दिवसभर हेच करतो आणि तरीही विसरतो.

आता सुरुवात करणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात सायलॅबवर पुष्कळ काम झालंय. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांनीच सायलॅबमध्ये लिहून काढलीत. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे छोटे धडे मराठीतही आहेत. एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः टाइप करायचं. कंस, टिंब, अर्धविराम एका वीकेंडमध्ये येतात. फक्त गणित स्वतःच्या गावचं घ्या.

भावाला गृहपाठ दिला: मातीऐवजी चार इंची स्लॅब धर, घनता २५००, आणि सांग. शिवाय आजीला विचार, जुन्या घराचं माळवद किती जाड होतं.

रात्री अकराला मेसेज आला. "स्लॅब २२५० किलो. आजी म्हणते आपलं माळवद हातभर होतं, म्हणजे दीड फूट. ६४८०. टिंब लागलं नाही."