भांडुप आणि मुलुंडच्या मधलं

मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आले होते. मुंबईहून ठाणे-कल्याणकडे रेल्वे न्यावी, ही कल्पना त्यांना तिथेच सुचल्याचं सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे आणि चारशे उतारू घेऊन पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. नाहूरला स्टेशन व्हायला मात्र २००६ साल उजाडलं.

भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये एक नाव शिरलं, इतकंच. पण स्टेशनांना एक, दोन, तीन असे आकडे दिलेले असते, तर मुलुंडपासून पुढचे सगळे आकडे बदलावे लागले असते. प्रोग्रामरचं हे जुनं दुखणं. नोंदी क्रमाने लावल्या की शोधायला सोप्या. मध्ये नवी घालायची, तर पुढच्या सगळ्या सरकवा. १९६२ मध्ये अडेल्सन-वेल्स्की आणि लांडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी त्यावर उपाय म्हणून नोंदींचं, तोल सांभाळणारं झाड शोधलं. दहा लाख नोंदींतली हवी ती साधारण वीस-पंचवीस तुलनांत हाती लागते. मात्र नवी नोंद आली की फांद्या फिरवून तोल साधायचा, आणि तो कोड लिहिताना भल्याभल्यांची दमछाक होते.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम प्यू यांनी त्याला सोपा पर्याय म्हणून ‘स्किप लिस्ट’ मांडली. मुंबईकराला ती शिकवावी लागत नाही. सीएसएमटीहून नाहूरला निघालेला माणूस फास्ट पकडतो, दादर-कुर्ला करत घाटकोपरला उतरतो, तिथून स्लो: विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर. स्किप लिस्टही तशीच. खालच्या यादीत सगळ्या नोंदी, वरच्या याद्यांत मोजक्याच. वरून लांब उड्या मारायच्या, पुढची उडी मुक्कामापलीकडे जाणार असं दिसलं की खाली उतरायचं. वरच्या यादीत कोण, हे प्यू यांनी चक्क छापा-काट्यावर सोडलं! नाहूरचा कौल बहुधा काट्याचा लागला असावा.

नुसतं नाव सांगून नोंद काढायची, तर क्रम न पाळणारं ‘हॅश टेबल’ याहून वेगवान. पण ‘भांडुपनंतर कोण?’ असं विचारलं, की त्याला अख्खा ढीग उपसावा लागतो. शेजारी कोण हे लागत असेल, तर क्रम सांभाळण्याचा खटाटोप परवडतो.

जावा भाषेची सहावी आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये आली. तिच्यात स्किप लिस्टवर उभा असलेला क्रमवार नोंदसंग्रह तयार मिळू लागला. दिलेल्या नोंदीच्या अलीकडची-पलीकडची नोंद विचारायची सोयही त्याच आवृत्तीतली. नाहूरचं स्टेशनही त्याच वर्षीचं. तिथे उतरायचं, तर अजून स्लोच पकडावी लागते.