क्रमांक २६३९ चें घड्याळ

कपाटाच्या तळाशीं किंवा एखाद्या जुन्या पेटींत घड्याळ सांपडलें कीं सांपडणाराची दृष्टि प्रथम तबकडीवरील नांवाकडे जाते. नांव थोर कारागिराचें निघालें तर तेवढ्यानेंच आपण श्रीमंत झालों असें त्याला वाटूं लागतें. जाणकार परीक्षक मात्र तें नांव सर्वांत शेवटीं विचारांत घेतो. कारण साऱ्या घड्याळांत बनावट करण्यास तेंच सर्वांत सोपें. अठराव्या शतकांत लंडनच्या नामांकित घड्याळजींचीं नांवें धारण केलेलीं, परंतु लंडनचें तोंडहि न पाहिलेलीं घड्याळें युरोपच्या बाजारांत उजळ माथ्यानें विकलीं जात.

या उपद्रवाची झळ ज्याला विशेष लागली असा कारागीर म्हणजे अब्राहम-लुई ब्रेगे. आजच्या स्वित्झर्लंडांतील न्यूशातेल येथें १७४७ सालीं त्याचा जन्म झाला आणि १७७५ सालीं त्यानें पॅरिसमध्यें, सीन नदीच्या बेटावर, आपला कारखाना थाटला. राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९३ त त्याला पॅरिस सोडावें लागलें. दोन वर्षांनीं तो परत आला, व त्याच सुमारास आपल्या घड्याळांवर त्यानें एक गुप्त सही घालण्यास सुरुवात केली. मिन्याच्या तबकडीवर १२ च्या आंकड्याखालीं, आणि धातूच्या तबकडीवर त्या आंकड्याच्या दोहों बाजूंस, आपलें नांव तो अतिसूक्ष्म टोंकानें कोरवून घेई. समोरून पाहणारास तें दिसत नसे. तबकडी उजेडांत तिरपी धरली म्हणजेच अक्षरें उमटत.

युक्ति नामी होती यांत शंका नाहीं. परंतु खरी राखण ती करीत नसे. ती करीत त्याच्या कारखान्यांतील वह्या. कोणत्या क्रमांकाचें घड्याळ, कोणीं मागविलें, कोणास विकलें, दुरुस्तीला केव्हां आलें व त्यांत काय काय केलें, हें त्यांत टिपलेलें असे. त्याचे वारस तीच शिस्त पाळीत राहिले. व्यापाऱ्यानें पैशाच्या हिशेबासाठीं लिहिलेले हे रुक्ष कागद. पण आज परीक्षकास सहीपेक्षां त्यांचाच भरंवसा अधिक वाटतो, आणि तो कां वाटावा हें क्रमांक २६३९ वरून चांगलें समजतें.

८ जून १८१० रोजीं नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिनें ब्रेगेकडे एका घड्याळाची मागणी नोंदविली. ही नेपोलियनची धाकटी बहीण. टोले देऊन वेळ सांगणारें, परंतु मनगटांतील कंकणावर बसविण्याजोगें घड्याळ तिला हवें होतें. किंमत ५००० फ्रँक. त्या काळीं घड्याळ म्हणजे खिशांतील वस्तु. पुढें १८६८ सालीं पाटेक फिलिपनें केलेल्या घड्याळास आद्य मनगटी घड्याळ म्हणण्याचा प्रघात पडला. ब्रेगेच्या वह्या त्याहून अर्ध्या शतकाहून अधिक मागें नेतात. ११ ऑगस्टला काम सुरू झालें. सतरा माणसांचे हात त्याला लागले, चौतीस निरनिराळीं कामें झालीं, आणि २१ डिसेंबर १८१२ रोजीं घड्याळ रवाना झालें.

कॅरोलिनचें राज्य १८१५ त बुडालें, नवऱ्याला गोळ्या घालण्यांत आल्या, आणि १८३९ त तीहि वारली. घड्याळ तिच्या मुलीकडे, रास्पोनी घराण्याच्या काउंटेसकडे, गेलें. मार्च १८४९ मध्यें तिनें तें दुरुस्तीस पाठविलें. त्या वेळच्या कारकुनानें वस्तु ताब्यांत घेतांना तिचें वर्णन लिहून ठेवलें: अत्यंत पातळ, टोले देणारें घड्याळ, रुपेरी तबकडी, अरबी धर्तीचे आंकडे, तापमापक, वेग कमीजास्त करण्याची खूण तबकडीच्या बाहेर, सोन्याच्या तारेसह गुंफलेल्या केसांचा पट्टा, साधी सोन्याची किल्ली. काय दुरुस्त केलें तेंहि नोंदलें आहे. आंसांच्या टोंकांना पुन्हां जिल्हई दिली, टोल्यांची यंत्रणा ठीक केली, तापमापक जुळविला, तबकडीवर नवा रुपेरी मुलामा चढविला. मजुरी ८० फ्रँक.

आतां समजा, उद्यां कोणी हेंच घड्याळ म्हणून एक घड्याळ पुढें केलें. त्यावर २६३९ हा आंकडा असला म्हणून काय झालें? आंकडाहि कोरतां येतो. गुप्त सही स्वच्छ, धारदार दिसली तर सामान्य माणूस निःशंक होईल. परीक्षक तेथेंच थबकेल. ज्या तबकडीवर १८४९ त मुलामा चढला, तिच्यावर इतकी नाजूक रेघ अस्पर्श कशी राहिली? उलट, सही पुसट असली वा मुळींच नसली तरी तेवढ्यावरून घड्याळ खोटें ठरत नाहीं. आंसांच्या टोंकांवर जुन्या जिल्हईच्या खुणा आहेत कीं नाहींत, हें पाहावें लागेल. अशा परीक्षेंत कोरेंकरकरीत घड्याळच अधिक संशयास्पद.

आणखी एक पेंच आहे. वहींतील वर्णन आतां जगजाहीर असल्यामुळें तें समोर ठेवून एखादा कुशल लबाड त्याबरहुकूम वस्तु घडवूं शकेल. म्हणून कागद जें सांगत नाहीं तेंहि तपासलें पाहिजे: आंतील भागांवरील हत्यारांच्या खुणा, चाकांची झीज, त्याच कारखान्यांतून त्याच काळांत निघालेल्या दुसऱ्या घड्याळांशीं साम्य.

जेरुसलेमच्या प्रकरणांत हें काम पुष्कळ सुकर होतें. तेथील एल. ए. मायर संग्रहालयांतून एप्रिल १९८३ मध्यें १०६ घड्याळें चोरीस गेलीं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठीं १७८३ त मागविलेलें आणि तिच्या वधानंतर चौतीस वर्षांनीं, १८२७ त, पुरें झालेलें ब्रेगेचें क्रमांक १६० हें त्यांतलेंच. २००६ मध्यें त्यांतलीं ३९ घड्याळें, क्रमांक १६० सह, परत मिळालीं. त्या संग्रहाची तपशीलवार सूची १९८० सालींच छापली गेली होती. चोरीपूर्वीं तीन वर्षें! समोरची वस्तु पडताळण्यास पानें उघडून ठेवण्याचाच अवकाश होता.

क्रमांक २६३९ च्या वांट्याला अशी सूची आली नाहीं. ऑगस्ट १८५५ मध्यें तें आणखी एकदां दुरुस्तीसाठीं पॅरिसला आलें, एवढें वह्यांवरून कळतें. तेथून पुढें तें कोणाच्या मनगटावर, कोणाच्या पेटींत गेलें, याचा कागद अद्याप कोणाला सांपडलेला नाहीं.