तारेतील प्रवाहाचा हिशेब

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत चाळींच्या व बंगल्यांच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचे सांगाडे दिसू लागले. चित्र हलू लागले की घरातील एखाद्या मुलाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवावयाचा आणि खालून ‘आले, आले’ असा पुकारा व्हावयाचा, हा नित्याचा प्रसंग होता. त्या सांगाड्यातील पुढची दांडी मागच्या दांडीपेक्षा चार बोटे आखूड का, असा प्रश्न मात्र फारसा कोणास पडला नाही. त्या चार बोटांचा हिशेब करावयास शास्त्रज्ञांना कित्येक दशके लागली आहेत.

हा सांगाडा जन्मला जपानात. सेंदाई येथील तोहोकू शाही विद्यापीठात शिंतारो उदा आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एकाच दांडीला वीजप्रवाह पुरवावयाचा, तिच्यामागे किंचित लांब व पुढे किंचित आखूड अशा दांड्या नुसत्या उभ्या करावयाच्या. एवढ्यानेच लहरी एका दिशेस एकवटतात. प्रयोगांचे श्रम मुख्यतः उदा यांचे होते; जगाने नाव लक्षात ठेवले ते यागींचे. जपानी लष्कराला तर दोन्ही नावे अपरिचित होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर तेथील इंग्रजांच्या रडारविषयक टिपणांत ‘यागी’ हा शब्द वारंवार आढळला, त्याचा उलगडा होईना, तेव्हा एका युद्धकैद्यास विचारण्यात आले आणि हे तुमच्याच देशातील प्राध्यापकाचे नाव आहे असे त्याने सांगितले, अशी हकीकत सांगितली जाते.

परंतु शोध लागला तरी त्याचे माप कसे ठरवावे? दांडी कापावी, मोजावे, पुन्हा कापावी, हाच मार्ग होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने अशा अँटेनांची मोजमापे एकत्र करून १९७६ साली एक पुस्तिका काढली. तीमधील कोष्टके पाहून जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी नळ्या कापल्या. ते सारे ज्ञान हाताने मिळविलेले होते. युद्धनौकेवरील अँटेनांसाठी तर नौकेची लहानशी पितळी प्रतिकृती करून तिच्यावर मापन करीत, कारण डोलकाठ्या, दोर व तोफा या साऱ्यांचा लहरींवर परिणाम होतो आणि तो कागदावर मांडणे कोणास साधत नव्हते.

वास्तविक त्याचे समीकरण फार पूर्वीच हाती आले होते. हेन्री पॉकलिंग्टन यांनी १८९७ सालीच, म्हणजे हर्ट्झ यांच्या प्रयोगांना जेमतेम दहा वर्षे होत असताना, तारेतील विद्युत्-आंदोलनांचे समीकरण मांडले होते. स्वीडनचे एरिक हॅलेन यांनी १९३८ साली त्यास निराळे रूप दिले. अडचण अशी की, तारेच्या एका बिंदूपाशी प्रवाह किती आहे हे तारेच्या उरलेल्या सर्व बिंदूंवरील प्रवाहांवर अवलंबून असते, आणि ते प्रवाह पुन्हा या बिंदूवर. एकत्र कुटुंबात एकाच्या खर्चाचा हिशेब इतरांच्या खर्चावाचून लागत नाही, तशातला हा प्रकार.

यातून वाट काढली ती संगणकाने. तारेचे लहान लहान तुकडे करावयाचे. प्रत्येक तुकड्यातील प्रवाह अज्ञात धरावयाचा. उत्तम वाहकाच्या पृष्ठभागालगत विद्युत्-क्षेत्राचा पृष्ठभागाशी समांतर घटक शून्य असला पाहिजे, ही अट प्रत्येक तुकड्याला लावावयाची. जितके तुकडे तितकी समीकरणे, आणि ती सर्व एकाच वेळी सोडवावयाची. सिरॅक्यूज विद्यापीठाचे रॉजर हॅरिंग्टन यांनी १९६८ साली या पद्धतीचे पुस्तक लिहिले. तुकडे दुप्पट केले की साठवावयाच्या आकड्यांची संख्या चौपट आणि आकडेमोड सुमारे आठपट होते. ती माणसाच्या आवाक्यातील नव्हे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जेराल्ड बर्क आणि अँड्र्यू पोजिओ यांनी अमेरिकन नौदलाच्या साहाय्याने फोरट्रान भाषेत रचलेल्या ‘एनईसी’ या संगणक-आज्ञावलीची दुसरी आवृत्ती १९८१ साली आली. ती सर्वांस खुली झाली, म्हणून विद्यार्थी व हौशी मंडळींच्या टेबलावर पोहोचली. पितळी नौकेची जागा आकड्यांच्या नौकेने घेतली.

तथापि या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्यांची फसगतही झाली. छपरावरील दांडी बहुधा एकात एक सरकविलेल्या, टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या नळ्यांची असते. निरनिराळ्या जाडीच्या तारा सांधल्या की ही दुसरी आवृत्ती चुकीचे उत्तर देई; आणि ते दशांश चिन्हापुढील चार-चार आकड्यांसह इतके टापटिपीने छापून येई की, शंका घेण्याचेही मनात येऊ नये! नळी कापून छपरावर चढविल्यावर अँटेना अपेक्षित कंप्रतेवर जुळत नाही, तेव्हा चूक कळावयाची. पुढे दुरुस्तीची सूत्रे निघाली, नवी आवृत्ती निघाली. ज्यांच्या हाताला कापण्या-मोजण्याची सवय होती, त्यांनाच हा दोष आधी जाणवला असला तर त्यात नवल नाही.

मग संगणकाकडे केवळ हिशेबच नव्हे, तर आकृतीची निवडही सोपविण्यात आली. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात तारेला कोठे व किती वाकवावयाचे हे आज्ञावलीनेच सुचवावे, हजारो नमुन्यांतून बरे ते ठेवून त्यांचीच संतती वाढवावी, आणि प्रत्येक नमुन्याची परीक्षा एनईसीच्या चौथ्या आवृत्तीने घ्यावी, अशी योजना झाली. उपग्रहांची नियोजित कक्षा मध्येच बदलली आणि आधीचा अँटेना निरुपयोगी ठरला, तेव्हा महिन्याभराच्या आत नवा आकार तयार झाला. वाकडीतिकडी झालेली कागदाची टाचणी शोभावी असा तो होता. कोणाही अनुभवी अभियंत्याने तो कागदावर काढला नसता. तरीही प्रत्यक्ष तारा वाकवून नमुने करण्यात आले, ते मोजण्यात आले, आणि मगच २२ मार्च २००६ रोजी ‘एसटी-५’ मोहिमेतील सुमारे पंचवीस किलो वजनाचे तीन लहान उपग्रह ते घेऊन आकाशात गेले. सुमारे तीन महिने त्यांनी काम केले आणि जून २००६ अखेर ते बंद करण्यात आले.