आमचं पितळ उघडं पडतं

भंडाऱ्याच्या माणसाला पितळेबद्दल कुणी शिकवू नये. रतनपूरच्या इ. स. ११००च्या शिलालेखात आमच्या गावाचं नाव ‘भानारा’ असं कोरलेलं आहे म्हणतात. पण आमच्या लहानपणी ‘भांडी म्हणून भंडारा’ हीच व्युत्पत्ती आम्हांला पटायची, कारण ती रोज सकाळपासून कानांवर ठोकली जायची. वडिलांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. अशा घरात वाढलेल्या माणसाचा हात गिटारच्या तारा निवडताना पितळेकडे गेला, तर त्यात त्याची काय चूक?

झालं असं, की पुतण्याच्या इलेक्ट्रिक गिटारची तार गणपतीच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तुटली. मी नागपूरला निघालोच होतो. सीताबर्डीवरच्या दुकानदारानं विचारलं, “नऊचा सेट की दहाचा?” मला वाटलं, भाव सांगतोय. दहा रुपयांत तार म्हणजे स्वस्तच, म्हणून मी ऐटीत “दहाचा” म्हटलं. मग कळलं, की दहा म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. पाव मिलिमीटर धरा. आणि तार एक तुटली तरी घ्यायच्या सहा. नवीन तारेशेजारी जुन्या पाच बद्द वाजतात म्हणे.

या दहाच्या आकड्यालाही इतिहास आहे. पूर्वी या तारा चांगल्याच जाड असत. कॅलिफोर्नियात एर्नी बॉल नावाचे गृहस्थ गिटार शिकवत आणि दुकानही चालवत. तिसऱ्या तारेशी झगडून विद्यार्थ्यांची बोटं रडकुंडीला येतात, हे पाहून त्यांनी १९६२ साली हलक्या तारांचा ‘स्लिंकी’ सेट काढला. मास्तरानं विद्यार्थ्यांचे हाल पाहून अभ्यास हलका केल्याचं हे दुर्मिळ उदाहरण!

दुकानदारानं दोन पाकिटं पुढं टाकली. एकातल्या तारा राखाडी, दुसऱ्यातल्या सोनेरी. सोनेरीवर ‘ब्राँझ’ लिहिलेलं, खाली ऐंशी-वीसचा आकडा. ऐंशी भाग तांबं आणि वीस भाग जस्त! याला जगात ब्राँझ म्हणत असतील, भंडाऱ्यात पितळच म्हणतात. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. गिटार कुठली, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरी पुतण्यानं पाकीट पाहून कपाळाला हात लावला. “काकाजी, ह्या कायले आणल्या? ह्या साध्या गिटारीच्या आहेत जी!”

“वाजवून तर पाहा!” मी म्हणालो.

त्यानं माझा मान राखला. दोन बारीक पोलादी तारा ठणठणीत बोलल्या आणि सोनेरी वेटोळ्यांच्या चार तारा सभेत शेवटच्या रांगेतून बोलणाऱ्या माणसासारख्या पुटपुटल्या.

मग त्यानं मला शिकवलं. १९३१ साली अमेरिकेत जॉर्ज बोशँप यांनी गिटारच्या तारांभोवती नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक आणि खाली तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. पोलादी तार थरथरली, की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेटोळ्यात वीज उमटते आणि ती पुढं मोठी होऊन कर्ण्यातून बाहेर पडते. त्या ॲल्युमिनियमच्या गिटारला लोक चक्क ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं मूळ शेवटी भांड्यातच निघालं! पण चुंबक लोखंडाला ओळखतो, निकेलला ओळखतो. पितळेला ओळखत नाही.

हे वाक्य ऐकलं आणि मी उठून जुना गल्ला उघडला. आत वडिलांचा नालाच्या आकाराचा लोहचुंबक होता. गिऱ्हाईक मोडीत घालायला भांडं आणी, की वडील आधी तो लावून पाहत. चिकटला तर आत लोखंड, माल खोटा. नाही चिकटला तर म्हणत, “खरं आहे.” पुढं घरोघर स्टील आलं. त्याला कल्हई नको, चिंचेनं घासणं नको, बायकांनी का नाही म्हणावं? पितळेची मोड देऊन लोक स्टील नेऊ लागले. एकदा वडिलांनी स्टीलच्या नव्या डब्यालाही चुंबक लावला. चांगल्या स्टीलला तो सहसा चिकटत नाही. तिथंही नाही चिकटला. वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी चुंबक गल्ल्यात टाकून दिला. त्यानंतर तो कधी बाहेर निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुतण्या स्वतः नागपूरला जाऊन राखाडी तारा घेऊन आला. मी त्यांना चुंबक लावला. टक्! वडिलांच्या हिशेबानं माल खोटा, पुतण्याच्या हिशेबानं एकदम खरा. कार्यक्रमात त्यानं मांडव असा दणाणून सोडला, की माझ्या कानांना तांबटांची आळी आठवली.

रात्री त्या उतरवलेल्या सोनेरी तारा गल्ल्यात ठेवताना सहज चुंबक लागला. टक्! आत पोलादाचाच गाभा, पितळ नुसतं वरून गुंडाळलेलं. म्हणून तर त्या निदान पुटपुटल्या. वडील असते तर पाकीट माझ्यापुढं सरकवून म्हणाले असते, “भंडाऱ्याचा ना तू? लावून नाही पाहिलास?”