रंगाची साक्ष

मित्रहो, आपल्या वरकुट्याच्या घराघरांतली एक पारख तुम्हांला ठाऊक आहेच. हळदीला चुना लागला की ती लाल होते. डोळ्यांना जे दिसत नाही, ते रंग बोलून दाखवतो. वैद्यकातही नेमके हेच घडले.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. तिची साल निराळी, गाभा निराळा. भ्यालो की छाती धडधडते, ती या गाभ्यातल्या रसाने. १८६५ साली हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञाला दिसले, की क्रोमेट क्षाराने गाभा तपकिरी होतो, साल होत नाही. पुढे १९१२ साली लुडविग पिक याने गाभ्याच्या गाठीला या रंगावरूनच ‘फिओक्रोमोसायटोमा’ हे नाव दिले.

आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. गाठीचा पातळ काप, त्यावर रंग आणि वर सूक्ष्मदर्शक, ही शिस्त तिथे रुजली. त्याच वर्षी अमेरिकेत कून्स यांनी प्रतिपिंडाला चकाकणारा रंग जोडला. प्रतिपिंड म्हणजे नेमक्या एका पदार्थालाच जाऊन चिकटणारे प्रथिन. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची युक्ती काढली.

आज गाभ्याची गाठ ‘क्रोमोग्रॅनिन’च्या परीक्षेत रंगते, सालीची ‘एसएफ-१’च्या. ‘सिनॅप्टोफायसिन’ मात्र दोन्हींत रंगू शकते. म्हणून एका साक्षीदारावर निवाडा करीत नाहीत. कधी गाठ फुप्फुसाच्या कर्करोगातून तिथे आलेली निघते, मग उपचारच बदलतात. गाभ्याची असली, तर घरच्या माणसांचीही तपासणी करावी लागते, कारण हा रोग कधी कधी घराण्यातून येतो.

मात्र एक ध्यानात ठेवा. गाभ्याच्या गाठीला सुई टोचली, तर रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. म्हणून आधी रक्त-लघवीची तपासणी. रंगाची पारख बहुधा गाठ काढल्यावर.

गुरुजनहो, गावातले कुणी शस्त्रक्रिया करून परतले, तर त्यांना एवढे सांगा: गाठीचा अहवाल सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा जपा. प्रयोगशाळेत मेणाच्या वडीत तो तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. उद्या शंका आली, तर त्याच वडीचा नवा काप पुन्हा साक्ष देऊ शकतो.