वावरात उतरणारे विमान

चैत्र-वैशाखात रिसोडकडच्या मोकळ्या वावरात भर दुपारी वावटळ उठते. पालापाचोळा गरगरत वर जातो, आणि त्याच्याही वर एखादी घार पंख न हलवता चढत असते. तिला उचलतं कोण? तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर निघते आणि घार त्या हवेवर स्वार होते. याच विद्येवर माणसाने इंजिन नसलेलं एक विमान चालवलं. त्याला ग्लायडर म्हणतात. आज त्याच्या उडण्याविषयी थोडं आणि उतरण्याविषयी अधिक बोलणार आहे, कारण या विमानाचे पुष्कळ अपघात उतरतानाच झालेले आहेत.

जर्मनीत ओटो लिलिएन्थाल नावाचे एक इंजिनियर होते. अंगाला पंख अडकवून टेकडीवरून त्यांनी सुमारे २००० वेळा झेप घेतली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेतच त्यांच्या पंखांचा वेग मंदावला, आधार सुटला, ते खाली कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले. पण त्यांच्या झेपा टेकडीच्या पायथ्याशी संपत. उतरायची जागा आधीच ठाऊक असे. पुढे १९२० पासून जर्मनीतल्या ऱ्होन डोंगरात ग्लायडरच्या स्पर्धा भरू लागल्या आणि १९२९ मध्ये रॉबर्ट क्रोनफेल्ड यांनी १०० किलोमीटरचा पल्ला ओलांडला. आता प्रश्न निराळा झाला. घरापासून इतक्या दूर गेल्यावर वर चढणारी हवा मिळेनाशी झाली, तर उतरायचं कुठं? उत्तर एकच : जे वावर खाली दिसेल त्यात.

इंजिनाच्या विमानाला बेत चुकला तर पुन्हा वर जाऊन फेरी मारता येते. ग्लायडरला ती सोय नाही. एकदा खाली यायला लागलं की संधी एकच. म्हणून जमिनीपासून तीनशे मीटर उंचीवर येईपर्यंत वावर ठरलेलं असावं, असं शिकवतात. अपघात बहुधा उशिराने होतात. 'अजून थोडी हवा मिळेल, घरी पोचू' या आशेवर वैमानिक वेळ घालवतो. मग जमीन जवळ आलेली असते, तो घाईने वळतो, वेग कमी पडतो आणि विमान एका पंखावर कोसळते. दुसरं कारण विजेच्या तारांचं. वरून खांब दिसतात, तार दिसत नाही. तिसरं उभ्या पिकाचं. पंखाचं टोक तुरीत अडकलं की सगळं विमान जागच्या जागी गर्रकन फिरतं आणि शेपटी मोडते. चौथं उताराचं. उंचावरून चढ-उतार कळत नाही, सगळं शेत परातीसारखं सपाट दिसतं.

या शेवटच्या चुकीची किंमत एकदा फार मोठी पडली. दुसऱ्या महायुद्धात ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातल्या लालाघाटहून शिपाई आणि सामान भरलेली ग्लायडरं ब्रह्मदेशाकडे निघाली. जपानी फौजेच्या पिछाडीला जंगलात एक मोकळी जागा होती. तिला 'ब्रॉडवे' असं नाव दिलं होतं. एकेका डाकोटा विमानामागे दोन दोन ग्लायडरं दोरांनी बांधलेली होती. ओझं जास्त झालं, कित्येक दोर वाटेतच तुटले आणि ती ग्लायडरं अंधारात मिळेल तिथे उतरली. जी ब्रॉडवेला पोचली, त्यांच्यासाठी तिथं वेगळंच संकट होतं. सागवानाचे ओंडके ओढून ओढून जमिनीत खोल चर पडलेले, वर गवत वाढलेलं. आकाशातून काढलेल्या छायाचित्रांत ते चर दिसले नव्हते. पहिल्या ग्लायडरांची चाकं त्यात मोडली आणि मागून येणारी त्यांच्यावर आदळली. सुमारे तीस माणसं त्या रात्री दगावली. मोहीम थांबवण्यासाठी 'सोया लिंक' हा खुणेचा शब्द पाठवला गेला. शिपायांना नकोशा झालेल्या, सोयाबीन घातलेल्या एका खाद्याचं ते नाव. पण दिवस उजाडल्यावर वाचलेल्यांनी जमीन सारखी केली आणि दुसऱ्या रात्री तिथंच डाकोटा विमानं उतरली.

त्या जंगलात ओंडके ओढणाऱ्या एखाद्या माहुताला विचारलं असतं, तर त्याने ते चर डोळे मिटून दाखवले असते.

आपल्याकडे पुण्याजवळ हडपसरला १९५० मध्ये ग्लायडिंगचं केंद्र निघालं. १९६१ मध्ये 'रोहिणी' हे आपल्या देशात आखलेलं ग्लायडर प्रथम उडालं. त्यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात. पुढे शिकणाऱ्यांना ते फार उपयोगी पडलं. उतरताना वेग आणि उंची आवरण्यासाठी पंखांतून वर निघणाऱ्या फळ्याही १९३० नंतरच्या काळात आल्या. यंत्र सुधारलं, पण वावर निवडायचं काम अजूनही माणसालाच करावं लागतं.

म्हणून शेतकरी बंधूंनो, समजा कधी एखादं ग्लायडर तुमच्या वावरात उतरलंच, तर धावत जाऊन त्याचे पंख ओढू नका. फार नाजूक असतात ते. आधी माणसाची विचारपूस करा. जखमी असेल तर दवाखान्याची माणसं येईपर्यंत त्याला हलवू नका. पोरांना लांब उभं करा, नाहीतर वाचलेलं पीक बघ्यांच्या पायाखाली जाईल. आणि गड्याने पिकाची नुकसानी केली असेल, तर ती त्याच्याकडे मागण्यात संकोच नको. पण चहा पाजल्यावर मागा.

गुरुजींना एक सुचवतो. एखाद्या दिवशी मुलांना गावाबाहेरच्या टेकाडावर न्या आणि विचारा : "वरून इंजिन नसलेलं विमान येतंय, त्याला कोणतं वावर द्याल?" कोणी म्हणेल हरभरा काढलेलं, कोणी म्हणेल धुऱ्यावर बाभळी नाहीत ते. मग एखादं पोर हळूच सांगेल, "गुरुजी, त्यात नको. तिथं उघडी विहीर आहे, आमचंच वावर आहे ते." त्या पोराला शाबासकी द्या. छायाचित्रात जे दिसलं नव्हतं, ते त्याला ठाऊक आहे.